पंचवीस वर्षांचा भरवसा



आपल्या आदिलाबादेत घरचा हिशेब कापसावर चालतो. दिवाळीच्या सुमारास मार्केट यार्डात गाड्या लागतात आणि त्याच पैशातून बियाण्याची उधारी, मुलांची फी, दवाखाना, लग्नकार्य भागवायचे असते. आपली नजर एका हंगामापुरती. छपरावरच्या सौर पॅनेलचे आयुष्य मात्र सुमारे २५ वर्षांचे. ज्याला पुढचा हंगाम दिसत नाही, तो २५ वर्षांसाठी पैसा अडकवणार नाही, एवढेच मला आज सांगायचे आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची ‘पीएम सूर्यघर’ योजना आली. घरावरच्या ३ किलोवॅट संचाला ७८ हजार रुपये अनुदान मिळते. उरलेला खर्च घरमालकाचा. आपल्या उन्हात असा संच महिन्याला तीनशेच्या आसपास युनिट देतो. त्याच वर्षी तेलंगणात ‘गृहज्योती’ सुरू झाली. पात्र शिधापत्रिकाधारकाला महिना २०० युनिटपर्यंत बिल येत नाही. गरीब घराला तो मोठा आधार आहे. त्याला नावे ठेवू नका. पण ज्याला बिलच नाही, त्याने पॅनेल लावून वाचवायचे काय?

मग उरतो तो बिल भरणारा: पगारदार, दुकानदार, जिनिंगवाला. त्याच्याकडे शिल्लक असली तरी घरातल्या एका आजारपणाने ती जाईल अशी धास्ती असेल, तर तो सोने घेईल, पॅनेल नाही. दवाखान्याची सोय, व्याजातून सुटका, अर्ज अडला तर हक्काने विचारता येईल असा शेजारी, यालाच मी समाजाचे स्वास्थ्य म्हणतो. गुंतवणूक त्याच्या मागून येते. सातारा जिल्ह्यातली मान्याचीवाडी सौरग्राम झाली, पण त्याआधी ग्रामस्वच्छतेच्या कामात ते गाव एकजूट झालेले होते.

१९५६ मध्ये राजुरा तालुका पलीकडे गेला, आपण इकडे राहिलो. तरी आपल्या वडीलधाऱ्यांनी इथेच विहिरी खणल्या, आंबे लावले. फळ कोण खाईल, हे त्यांनी विचारले नाही.

म्हणून माझी विनंती लहान आहे. पहिला संच आपल्या संस्थेच्या छपरावर वर्गणीतून बसवू. दरमहा किती वीज झाली, किती बिल वाचले, हे दारातल्या फळ्यावर मराठीत आणि तेलुगूत लिहू. शेजारी वर्षभर ते आकडे वाचेल, मगच स्वतःच्या खिशात हात घालेल. भरवसा असाच तयार होतो.