कॉडच्या रक्तातले पहारेकरी

(मंडळाच्या विज्ञानगप्पांच्या कार्यक्रमातील भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



इथे ब्रिटनमध्ये राहून फिश अँड चिप्स खाल्ले नाहीत, असं मासे खाणारं मराठी घर सापडणं कठीण. सुरमई-पापलेटवर वाढलेल्या आपल्या जिभेला कॉड थोडा मिळमिळीत लागतो, हे मान्य. पण आज मला त्याच्या चवीबद्दल नाही, रक्ताबद्दल बोलायचं आहे.

आपली प्रतिकारशक्ती दोन प्रकारची. एक उपजत, दुसरी अर्जित. उपजत म्हणजे सोसायटीचा वॉचमन. तो चोराला नावानं ओळखत नाही, पण रात्री दोन वाजता पाइपवरून चढणारा माणूस पाहुणा नव्हे एवढं त्याला कळतं आणि तो लगेच शिट्टी मारतो. अर्जित म्हणजे पोलिसांचा तपास. त्याला वेळ लागतो, पण गुन्हेगाराचा फोटो कायमचा फायलीत राहतो. लस ही फाइल आधीच तयार करून ठेवते.

वॉचमनचं बरंचसं काम रक्तातली प्रथिनं करतात. ट्रान्सफेरिन हे प्रथिन लोह धरून ठेवतं. जंतूंना वाढायला लोह लागतं. ते कुलुपात गेलं की त्यांची उपासमार होते. लायसोझाइम जंतूंची भिंतच फोडतं. आपल्याकडे ते अश्रूंतसुद्धा असतं. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी ते पेनिसिलिनच्या आधी, 1922 मध्ये लंडनमध्ये ओळखलं. आणि आई-बाबांच्या रिपोर्टमध्ये आपण ज्याचा आकडा बघतो ते 'सीआरपी' 1930 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत सापडलं. न्यूमोनियाच्या जंतूच्या अंगावरच्या एका साखरेला ते चिकटतं. या प्रथिनाचे भाऊबंद माशांतही आहेत.

चौथं, कॉम्प्लिमेंट. ही एक प्रथिनांची साखळी. एक जागं झालं की ते पुढच्याला उठवतं, आणि शेवटी जंतूच्या आवरणाला भोक पडतं. तिच्यातलं मुख्य प्रथिन सी-थ्री. जबडा नसलेल्या लॅम्प्रेसारख्या फार जुन्या वंशाच्या माशातही ते आहे, आपल्या मुशीतही आहे. माणसात सी-थ्रीचं एकच जनुक असतं. रेनबो ट्राउटमध्ये मात्र सी-थ्रीचे अनेक प्रकार सापडले, आणि प्रत्येक प्रकार वेगवेगळ्या पृष्ठभागांना कमीजास्त चिकटतो. म्हणजे एकाऐवजी तीन-चार वॉचमन, प्रत्येकाची नजर वेगळी! थंड पाण्यात अँटिबॉडीज तयार व्हायला कित्येक आठवडे लागतात. जंतू तेवढे थांबत नाहीत. म्हणून माशाची भिस्त वॉचमनवर जास्त.

आता कॉडकडे येऊ. 2011 मध्ये ओस्लो विद्यापीठाच्या पुढाकाराने कॉडचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला आणि शास्त्रज्ञ चक्रावले. जंतूचे तुकडे 'हे बघा' म्हणून दाखवणारी एमएचसी क्लास टू ही यंत्रणा कॉडमध्ये नाहीच. ते तुकडे पाहून हुकूम सोडणाऱ्या पेशींवरचं सीडी-फोर हे प्रथिनही नाही. थोडक्यात, पोलिसांचा कंट्रोल रूमच गायब. कॉडच्या रक्तात अँटिबॉडीज असतात, पण एखादा जंतू टोचला तरी त्याच्याविरुद्धच्या अँटिबॉडीज फारशा वाढत नाहीत. 2016 मध्ये इतर माशांशी तुलना केल्यावर दिसलं की कॉडच्या जवळच्या सगळ्या गोतावळ्यातून, अगदी हॅडॉकमधूनही, ही यंत्रणा सुमारे 10 कोटी वर्षांपूर्वी गेलेली आहे.

हीच यंत्रणा जन्मतः नसलेलं मूल वारंवार गंभीर आजारी पडतं. बोन मॅरो बदलावा लागतो. एचआयव्हीचा विषाणू हल्ला करतो तोही सीडी-फोर पेशींवरच. कॉड मात्र समुद्रात काही सारखा आजारी पडत नाही. त्याने एक दुकान बंद केलं, पण दुसरी वाढवली: जंतू ओळखणारे काही उपजत सेन्सर आणि एमएचसी क्लास वन या दुसऱ्या यंत्रणेची जनुकं त्याच्यात पुष्कळ वाढलेली आहेत. 'उपजत म्हणजे मागासलेली, अर्जित म्हणजे प्रगत' ही आपली समजूत कॉडने खोटी ठरवली.

यावर कोणी म्हणेल, "मग आपल्याला तरी लसी कशाला? उपजत शक्ती वाढवली की झालं!" याचं उत्तर कॉडच्या संसारात आहे. कॉडची मादी लाखो अंडी घालते. त्यातली बहुतेक पिल्लं मेली तरी वंश चालतो. आपल्याला एक किंवा दोन मुलं. निसर्गाचा तो हिशेब आपल्याला परवडणारा नाही.

शिवाय मत्स्यशेतीतल्या कॉडलाही व्हिब्रिओ या जंतूविरुद्धची लस उपयोगी पडते. नॉर्वेत 1987 मध्ये मत्स्यशेतीत वर्षाला जवळजवळ 50 टन अँटिबायोटिक्स वापरली जात होती. सामन माशांना लस टोचणं सुरू झालं, आणि आज उत्पादन कितीतरी पटींनी वाढूनही तो आकडा टनाच्या आसपास किंवा त्याहूनही खाली असतो. अँटिबायोटिक्स कमी, म्हणजे त्यांना न जुमानणारे जंतूही कमी. त्यात आपलाही फायदा.

तेव्हा मंडळी, वॉचमनचा मान ठेवा, पण पोलीस चौकी बंद करू नका. मुलांच्या लसी वेळेवर, सर्दी-पडशाला अँटिबायोटिकचा हट्ट नको, आणि 'प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या' महागड्या डब्यांवर उडवायचे पैसे चांगल्या मासळीवर खर्च करा!

दिवाळीच्या सर्वांना शुभेच्छा.