धरणातला मासा उन्हाळ्यात कुठे जातो?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा निरोप होता, "तुझ्या खात्यातलं काहीतरी सांग, पण आकडे कमी ठेव." मत्स्यव्यवसाय खात्यात 32 वर्षं काढली, त्यामुळे आकड्यांशिवाय बोलणं जड जाईल, पण प्रयत्न करतो. धाराशिवचा माणूस आणि मासळी खात्यात, हे ऐकलं की लग्नाच्या पंगतीत हमखास कुणीतरी विचारायचं, "तुमच्याकडं प्यायला पाणी नाही, मासे कुठले?" आज त्याचं सविस्तर उत्तर देतो.

आपला जिल्हा बालाघाटाच्या माथ्यावर आहे. एका अंगाचं पाणी तेरणा-मांजरेतून गोदावरीला जातं, दुसऱ्या अंगाचं सीना-बोरीतून भीमेला आणि पुढे कृष्णेला. नद्या इथे उगवतात, म्हणजे इथे त्या लहान आणि चार महिन्यांच्या. पण आपण त्या अडवल्या आहेत. तेरजवळचं तेरणा धरण, माकणीचं निम्न तेरणा, परंड्याकडचं सीना-कोळेगाव आणि चांदणी, कळंबच्या पलीकडे धनेगावला मांजरा, शिवाय गावोगावचे साठवण तलाव आणि पाझर तलाव. नळदुर्गात बोरी नदी तर आदिलशाहीतच अडवली गेली, पाणीमहाल आपण सगळ्यांनी सहलीत पाहिलाय. या पाण्यात मासा आहे आणि त्याच्यावर जगणारी भोई समाजाची घरं आहेत. आपल्या वर्गातही त्या घरांतले दोघे होते. ते आज आलेत, समोर बसलेत.

बाजारात आपण घेतो ते कटला, रोहू, मृगळ हे तिघे मूळचे आपले नव्हेत. ते गंगेच्या खोऱ्यातले. त्यांना अंडी घालायला पावसाळ्यातलं वाहतं, गढूळ, पसरलेलं पुराचं पाणी लागतं. तळ्यात मासा वाढतो, वजन धरतो, पोटात अंडीही तयार होतात, पण साचलेल्या पाण्यात तो ती सोडत नाही. धरणाच्या वरच्या अंगाला मोठा पूर येऊन टिकला तर गोष्ट वेगळी, पण आपल्याकडचा पूर सकाळी येतो आणि संध्याकाळी ओसरतो. म्हणून पूर्वी बीज बंगालकडून रेल्वेनं आणावं लागायचं. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून तळ्यातल्या माशाला अंडी सोडायला लावली, आणि तिथून पुढे केंद्रात बीज तयार व्हायला लागलं. आजही 10 जुलै हा मत्स्यशेतकरी दिवस म्हणून पाळतात. तेव्हा आपल्या तलावातला प्रत्येक कटला हा कुणीतरी डब्यातून किंवा ऑक्सिजन भरलेल्या पिशवीतून आणून सोडलेला आहे, हे लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आता उन्हाळा. देशमुख आडनावाचे दोन-तीन सर होते आपल्याला, त्यातल्या विज्ञानाच्या सरांनी पाण्याची घनता 4 अंशाला सर्वात जास्त असते हे घोकून घेतलं होतं. ते घोकलेलं मला नोकरीत रोज लागलं, सर. कोमट पाणी हलकं, गार पाणी जड. म्हणून खोल तलावात उन्हाळ्यात वर गरम थर, खाली गार थर, आणि मध्ये एक पातळ पट्टा जिथे हात घातला तर चटकन फरक कळतो. दुसरी गोष्ट प्राणवायूची. 10 अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 11 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशाच्या पाण्यात साडेसातच्या आसपास. म्हणजे पाणी तापलं की माशाची भूक आणि श्वास वाढतो, आणि नेमकं तेव्हाच हवा कमी पडते. त्यात शेवाळ. हिरवंगार झालेलं तळं दिवसा भरपूर प्राणवायू देतं, पण रात्री तेच शेवाळ तो ओढून घेतं. सर्वात वाईट वेळ पहाटेची. मे महिन्यात पहाटे चार-पाचला काठावर उभे राहिलात तर मासे तोंड वर काढून टपाटप आवाज करताना दिसतील. लोक म्हणतात, मासा खेळतोय. त्याचा जीव घुसमटत असतो.

मग मासा जातो कुठे? हे मला पुस्तकाआधी सीनेकाठच्या एका म्हाताऱ्या भोईकाकांनी सांगितलं. "साहेब, वर चटका, खाली कुबट. मासा मधीच घुटमळतंय. जाळं मधी टांगायचं." त्यांचं जाळं ना तळाला, ना पाण्यावर. वरच्या दोरीची लांबी ते रोज बदलायचे, आणि कशी बदलायची ते हात बुडवून आणि पाण्याचा वास घेऊन ठरवायचे. आणि नेहमी जुन्या नदीपात्रावर, कारण धरण कितीही उतरलं तरी खोली तिथेच राहते. ते पात्र पाण्याखाली कुठून कसं वळतं हे त्यांना पाठ होतं, कारण धरण होण्याआधी ते तिथे चालत जायचे.

अगदी हीच गोष्ट मी 2022च्या जुलैत अमेरिकेत पाहिली. मुलगा डेन्व्हरला असतो. तो मला ब्लू मेसा नावाच्या जलाशयावर घेऊन गेला. कोलोरॅडो राज्यात, गनिसन नदीवर 1966 साली पूर्ण झालेलं धरण, समुद्रसपाटीपासून जवळपास 2,290 मीटर उंचीवर. तिथे कोकनी नावाचा मासा आहे. (कोकणी नव्हे, आमच्या मालवणच्या जावयानं तिथंच हक्क सांगायला सुरुवात केली होती.) कोकनी म्हणजे सॉकाय जातीचा सॅल्मन, पण समुद्राला मुकलेला. त्याची भावंडं नदीत जन्मतात, समुद्रात वाढतात आणि अंडी घालायला परत नदीत येतात. हा मात्र पिढ्यान्‌पिढ्या गोड्या पाण्यातच राहतो, तळ्यालाच समुद्र समजतो. तीन-चार वर्षांनी पावसाळा संपता संपता लालभडक होतो, नदीत चढतो, अंडी घालतो आणि मरतो.

उन्हाळ्यात तो पकडण्याची पद्धत म्हणजे ट्रोलिंग. आपल्या ग्रुपवर चालतं ते नव्हे. होडी माणसाच्या रमत्यागमत्या चालीनं चालवायची आणि मागे गळ ओढत न्यायचा. गळाच्या पुढे एक चकचकीत पत्रा डोलत असतो, त्याच्यामागे गुलाबी-नारिंगी झुपका, आणि टोकाला मक्याचा पांढरा दाणा. मका बघून मला हसू आलं, कारण हा मासा मका खात नाही. तो पाण्यातले डोळ्याला जेमतेम दिसणारे सूक्ष्म जीव खातो. पत्र्याच्या लुडबुडीनं चिडून तो गळावर धावतो, असं तिथले लोक सांगतात. तोंड इतकं नाजूक की हिसका दिला तर ओठ फाटून मासा निसटतो.

खरी गंमत खोलीची. कोकनीला साधारण 10 ते 13 अंशाचं पाणी मानवतं. आम्ही गेलो तेव्हा वरचं पाणी 19 अंश होतं. म्हणून होडीच्या कडेला एक चक्री असते, तिच्या तारेला चारेक किलोचा शिशाचा गोळा. गळाची दोरी त्या गोळ्याला चिमट्यात अडकवायची आणि गोळा हव्या तितक्या फुटांवर सोडायचा. मासा लागला की दोरी चिमट्यातून सुटते. समोर पडद्यावर माशांचा थवा ठिपक्यांसारखा दिसतो. मुलाचा मित्र म्हणाला, साठ फूट. गोळा साठ फुटांवर गेला आणि दहा मिनिटांत काठी वाकली. मला भोईकाका आठवले. त्यांच्याकडे पडदा नव्हता, फक्त हात होता.

माझ्या खात्यातल्या माणसाला तिथे दुसरंच काही दिसलं. कटला आणि कोकनी, दोघेही पाण्यातले सूक्ष्म जीव खाणारे, दोघांचीही वाट धरणानं बंद केलेली, आणि दोघेही माणसानं सोडलेल्या बीजावर तगलेले. ब्लू मेसाचे कोकनी वर नदीतून रोअरिंग जूडी नावाच्या बीज केंद्रापर्यंत चढतात, तिथे त्यांची अंडी काढून पिल्लं वाढवतात आणि वसंतात परत नदीत सोडतात. ती प्रवाहाबरोबर खाली जलाशयात येतात. दुष्काळ त्यांनाही चुकला नाही. 2021 साली खालच्या लेक पॉवेलमधली वीजनिर्मिती टिकावी म्हणून ब्लू मेसातून जादा पाणी सोडावं लागलं, आणि बोटींच्या धक्क्यांचा हंगाम लवकर गुंडाळला गेला. वरच्या धरणाचं पाणी खाली द्यायचं की नाही यावर तिथेही वर्तमानपत्रं भरली होती. वाचताना जायकवाडीचीच बातमी वाचतोय असं वाटलं.

फरक एवढाच, की ब्लू मेसा उतरला तरी कोकनीला आणखी खाली जायला जागा उरते. आपल्याकडे ती उरत नाही. आपली धरणं पसरट. मे महिन्यात चार-पाच मीटर पाणी राहिलं, वारा सुटला, की वरपासून तळापर्यंत सगळं एकसारखं कोमट. उजनीचं वेगळं आहे. तिथे एकूण 117 टीएमसीतलं सुमारे 63 टीएमसी मृतसाठ्यात आहे, म्हणून भिगवण-इंदापूरचा मासळी बाजार उन्हाळ्यातही बंद पडत नाही. जाळ्यात चिलापी जास्त येतो ही त्यांची तक्रार, पण येतो तरी. मांजरेचं गणित बघा. 224 दशलक्ष घनमीटरपैकी मृतसाठा 47. पाटबंधारेवाले ज्याला मृतसाठा म्हणतात, माशासाठी तेवढाच जिवंत असतो. 2016च्या उन्हाळ्यात तोही गेला. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. धरणाच्या तळाला काय झालं ते कुणी दाखवलं नाही. पाणी डबक्यात आलं की संस्थेला आठ दिवसांत सगळा मासा काढावा लागतो. सगळीकडे एकदमच निघतो, भाव पडतो, अर्धा किलोचा मासा मातीमोल जातो. बीजाचे पैसे, ठेक्याचे पैसे, जाळ्याची उधारी मात्र तशीच राहते. त्याच वर्षी परतीच्या पावसानं मांजरा भरलं, लोकांनी खणानारळानं ओटी भरली. पण भरलेल्या पाण्यात कटला नव्हता. मरळ चिखलात तग धरतो, तो वर तोंड काढून हवा घेऊ शकतो. चिलापी कुठूनही परत येतो. कटला, रोहू, मृगळ यांना मात्र पुन्हा पिशवीतूनच यावं लागतं.

पिण्याच्या पाण्यावर माशाचा हक्क पहिला, असं मी म्हणणार नाही. लातूरला तहान लागलेली असताना कुणीही म्हणणार नाही. पण दोन गोष्टी इथे बसलेल्यांच्या हातात आहेत म्हणून सांगतो.

तुमच्यापैकी निम्म्यांच्या शेतात द्राक्षासाठी शेततळं आहे. पावसाळ्यात ते भरलेलं असतं. जुलैत संस्था जे बीज धरणात सोडते ते बोटाच्या पेराएवढं, त्यातलं बरंच मोठे मासे आणि पाणकावळे खातात. तेच बीज दोन-तीन महिने शेततळ्यात वाढवून चार इंचांची बोटुकली केली आणि मग धरणात सोडली, तर ती जगते, आणि मार्चपर्यंत विकण्याजोगी होते. मे महिन्याची वाट बघायची वेळच येत नाही. वर्षाच्या हिशेबात मार्च आणि मे यांच्यातले दोन महिने म्हणजे एका भोई कुटुंबाचं नफ्यातून तोट्यात जाणं आहे. शेततळ्याला प्लास्टिकचा कागद असेल तर जाळं जपून ओढायचं, आणि बीज असेपर्यंत त्या पाण्यात फवारणीचे डबे बुडवायचे नाहीत.

दुसरी गोष्ट गाळाची. गाळ काढायची योजना आली की ट्रॅक्टर जिथपर्यंत सहज जातो तिथूनच गाळ निघतो, म्हणजे काठाचा. काठाला खड्डे पडतात, पाणी उतरलं की त्यात मासा अडकतो आणि तापून मरतो. सरपंच आणि माजी सरपंच मिळून मी इथे पाच मोजले. पुढच्या वेळी पोकलेन आला तर त्याला जुन्या नदीपात्राच्या रेषेवर न्या आणि एक डोह करून घ्या. पात्र कुठून जातं ते नकाशात शोधत बसू नका, आपल्या वर्गातल्या त्या दोघांना विचारा. आमच्या भोईकाकांचे ते नातू लागतात.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे. जेवणाचा बेत शाकाहारी आहे असं कळलं, त्याबद्दल संयोजकांशी मी नंतर बोलेन.