विष किती, आणि वाट किती

(अकोले तालुक्यातील कार्यकर्त्यांच्या शिबिरात आरोग्याचं काम करणाऱ्या ताईंनी केलेलं बोलणं. बोली होती तशीच ठेवली आहे.)



कुठल्याही वाडीवर गेलं की पोरं विचारतात, ताई, सगळ्यात विषारी साप कंचा? ऑस्ट्रेलियात तायपान म्हणून एक आहे. त्याच्या विषापुढं आपला नाग काहीच नाही. पण तो राहतो ओसाड मुलखात. तिथं माणूसच फारसा नाही, मग चावणार कोणाला? साप आपल्या वाटेत येतो का, आला तर सरकतो का, आणि चावल्यावर दवाखाना किती लांब, हे विषाइतकंच बघावं लागतं.

आपल्याकडं माणूस मारणारे मुख्य चार. नाग, मण्यार, घोणस, फुरसं. नागाला आपण जरा जास्तच भितो. तो बिचारा फणा काढून आधी बजावतो तरी. घोणस जागची हलत नाही. रंग पाचोळ्याचा, त्यामुळं पाय पडेपर्यंत दिसत नाही. दात लांब, विष पुष्कळ. आवणी उरकली की आपली माणसं नारायणगाव-संगमनेरकडं मजुरीला उतरतात. तिथं लाईट रात्रीची, म्हणून पाणी भरायचं रात्री, अनवाणी, अंधारात. बॅटरी आणि बूट मालकाकडं मागून घ्या, लाजू नका.

फुरसं म्हणजे हातभर जीव. पण रत्नागिरी जिल्ह्यात १८६२ साली इंग्रज सरकारनं फुरशामागं बक्षीस वाढवलं, तर आठ दिवसांत लाखावर फुरशी मारून आणली लोकांनी! एवढी संख्या असली की लहान सापही मोठा. बांधाचा दगड उचलताना आधी काठीनं हलवा.

मला सगळ्यात धास्ती मण्यारीची. दिवसा ती दिसत नाही. रात्री घरात शिरते आणि भुईवर झोपलेल्याला चावते. सूज नाही, फार दुखत नाही, कधी कधी दाताची खूणसुद्धा सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोलणं जडावतं. घरचे म्हणतात बाहेरचं लागलं, भगताला बोलवा. भगत येईस्तोवर श्वास अडकतो. पावसाळ्यात कोणी असं उठलं तर मण्यार समजूनच निघा, खूण शोधत बसू नका. बाज नसेल तर मच्छरदाणी चारी बाजूंनी गोधडीखाली खोचून झोपा. डास आणि मण्यार दोन्ही बाहेर.

चावल्यावर कापू नका, चोखू नका, दोरी आवळू नका. हात-पाय हलू न देता माणसाला उचलून न्या, चालवू नका. या चारी सापांवर लस एकच. मुंबईच्या हाफकीन संस्थेत घोड्याला थोडं थोडं विष टोचून, त्याच्या रक्तापासून ती करत आलेत. घोणस-फुरशाच्या विषानं रक्त गोठत नाही, म्हणून डॉक्टर काचेच्या नळीत रक्त २० मिनिटं ठेवून बघतात. त्यावर चिडू नका, ते टाळाटाळ करत नसतात.

पण डोलीतून उतरण्यातच तीन तास गेले तर लस काय करील? रस्ता मागितला की उत्तर येतं, जागा फॉरेस्टची आहे. वनहक्क कायद्याचं कलम ३(२) वाचा. रस्ता, दवाखाना, शाळा अशा १३ सोयींसाठी वनजमीन देता येते. प्रत्येक कामाला जागा एक हेक्टरच्या आत हवी, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटता कामा नयेत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी. आपण प्लॉटाचे दावे भरले, चांगलं केलं, पण या कलमाखाली किती वाड्यांनी ठराव केलाय? हात वर करा बघू.

दोनच. बाकीच्यांनी पावसाच्या आत ग्रामसभा घ्या. ठरावाची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नका. आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारून या, लस किती बाटल्या शिल्लक आहे, रात्री डॉक्टर कोण असतो. पुढच्या बैठकीत वाडीवार लिहून आणायचं.