पथ्य आणि शिधापत्रिका

(बुलढाणा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या एका अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



अर्थशास्त्राच्या माणसाने मधुमेहावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. मी वैद्य नव्हे. औषधयोजना सांगण्याचा मला अधिकारही नाही. परंतु डॉक्टर जेव्हा रुग्णाला 'पिष्टमय पदार्थ कमी करा' असे बजावतात, तेव्हा ते त्याच्या घरखर्चाच्या अंदाजपत्रकात दुरुस्ती सुचवीत असतात. त्या दुरुस्तीसाठी पैसा कोठून यायचा, हा प्रश्न अर्थशास्त्राचाच आहे.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लक्ष मधुमेही आहेत आणि आणखी १३ कोटी ६० लक्ष लोक त्या उंबरठ्यावर आहेत. हा सुखवस्तूंचा रोग आहे, हा समज आता सोडून दिला पाहिजे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे की, वरकरणी कृश दिसणाऱ्या भारतीय शरीरातही चरबीचे प्रमाण अधिक असते आणि त्याचे मूळ मातेच्या कुपोषणापर्यंत जाते. पिढ्यान्पिढ्यांच्या अर्धपोटी जगण्याचा हिशेब असा रक्तातील साखरेत उतरतो.

कमी पिष्टाचा आहार ही काही आजची फॅशन नव्हे. १९२२ मध्ये इन्सुलिनचा वापर सुरू होण्यापूर्वी आहारनियंत्रण हाच प्रमुख उपाय होता. २०२१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने २३ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. असा आहार घेणाऱ्यांपैकी सहा महिन्यांनी सुमारे ५७ टक्के रुग्णांची साखर मधुमेहाच्या मर्यादेखाली आली. इतर आहार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३१ टक्के होते. मात्र वर्षभरानंतर हा फरक बराच ओसरला. उपाय गुणकारी आहे, पण तो टिकविणे कठीण आहे, असा याचा अर्थ. शिवाय साखर उतरविणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना स्वतःच्या मनाने भाकरी सोडणे धोक्याचे आहे. साखर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो.

आता आपल्या ताटाकडे पाहू. भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांतून येतात. नव्याने मधुमेह झालेल्यांनी हे प्रमाण ४९ ते ५४ टक्क्यांवर आणावे आणि प्रथिने १९-२० टक्क्यांपर्यंत वाढवावीत, असे परिषदेच्याच अभ्यासकांनी २०२२ मध्ये सुचविले. पोळीऐवजी ज्वारीची भाकरी खाल्ली की काम झाले, असे आपल्याकडे सांगितले जाते. ज्वारी अवश्य खावी. पण पिष्टाचे एकूण प्रमाण तेवढेच राहिले तर केवळ धान्य बदलून धोका कमी होताना दिसत नाही. भाकरीचा वाटा कमी करून तेथे डाळ, अंडी, शेंगदाणे, दूध आले पाहिजे.

येथेच गाडे अडते. ज्याला आपल्याकडे अजूनही 'कंट्रोल' म्हणतात, त्या दुकानातून गरिबाला काय मिळते? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील माणसाला दरमहा ५ किलो धान्य दिले. २०२३ पासून ते मोफत आहे. या कायद्याचे मोल मी कमी लेखत नाही. त्याने भूक अडविली आहे. परंतु त्यात डाळ नाही. २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने १०० रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला. त्यात चणाडाळ एक किलो होती, तिच्या जोडीला रवा आणि साखरही एकेक किलो! शाळेतील पोषण आहारात २०२३ च्या अखेरीस आठवड्याला एक अंडे आले. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा निधी काढून घेतला.

दुकानातून येईल ते खाणे याखेरीज गरिबाला निवड नसते. शेगाव तालुक्यातील गावांत २०२४ च्या अखेरीस लोकांचे केस गळू लागले, तेव्हा डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखविले. लोकांनी मात्र तो गहू निवडलेला नव्हता.

विपरीत असे की, हाच जिल्हा तूर, हरभरा आणि सोयाबीन पिकवितो. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असतात. ते दाणे गिरणीत जातात, तेल निघते आणि प्रथिनांची पेंड मुख्यतः कोंबड्यांच्या व जनावरांच्या खाद्यात जाते. शेतकरी हमीभावासाठी झगडतो, त्याच्या शेतातली मजूर बाई वाटीभर डाळीला महाग होते, आणि दवाखान्यात तिला सांगतात, 'बाई, भाकर कमी कर.' बदली काही न देता भाकर कमी करणे म्हणजे पथ्य नव्हे, उपासमार आहे.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. रेशनवर दरमहा डाळ व खाद्यतेल मिळावे. तामिळनाडूने हे करून दाखविले आहे. ती तूर व हरभरा जिल्ह्यातच हमीभावाने खरेदी व्हावा, म्हणजे एकाच रुपयात शेतकरी आणि रुग्ण दोघेही सावरतील. शाळेतील अंडे परत यावे. प्राथमिक आरोग्य केंद्रात साखरेची तपासणी नियमित व्हावी आणि आहार बदलणाऱ्याच्या गोळ्यांची मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरावी.

या मागण्या घेऊन आपण गावोगावच्या ग्रामसभांत गेले पाहिजे. पथ्य सांगणे हे डॉक्टरांचे काम. ते पाळता येईल अशी परिस्थिती निर्माण करणे हे राजकारणाचे, म्हणजेच आपले काम आहे.