न्याय्य भाडेवाढ
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस घरभाड्याच्या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. विषय रुक्ष खरा. परंतु या सभेत बसलेल्यांपैकी काहींच्या नावे एखाददुसरी चाळ आहे, आणि त्यांहून कितीतरी अधिक जण दुसऱ्याच्या चाळीत भाडे भरून राहतात. शिवाय ज्ञातीच्या शिष्यवृत्तिनिधीत दरसाल पडणारी भर आपल्या गिरगावातील चाळीच्या भाड्यातूनच येते. मालक आणि भाडेकरू हे दोन्ही पक्ष आपल्याच घरात नांदत आहेत, हे ध्यानी ठेवून आम्ही बोलणार आहोत.

प्रथम एक कबुली. तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात चाळीचे छप्पर जागोजाग गळू लागले. भाड्याला कित्येक वर्षे कोणी हात लावला नव्हता आणि शिल्लक तुटपुंजी होती. तेव्हा आम्ही, म्हणजे चाळीची व्यवस्था पाहणाऱ्या समितीने, सर्व बिऱ्हाडांस एकच छापील सूचना धाडली : पुढील महिन्यापासून भाडे दुप्पट. चौथ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरील एक वृद्ध भगिनी भाडेपावत्यांचा कापडात बांधलेला गठ्ठा घेऊन कचेरीत आल्या. म्हणाल्या, “यात एकही महिना चुकलेला नाही. भाडे वाढवू नका, असे मी म्हणत नाही. पण दुप्पट कोणत्या हिशेबाने, तेवढे समजावून सांगा.” आम्हांस ते समजावून सांगता आले नाही; कारण हिशेब केलाच नव्हता. सूचना मागे घेतली आणि कायद्याचे पुस्तक उघडले. त्यातून जे उमगले ते आपणांपुढे ठेवतो.

मुंबईत भाड्यावर नियंत्रण प्रथम १९१८ साली, महायुद्धाच्या टंचाईत आले. पुढे १९४७ च्या कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हे प्रमाण मानले. गरजू माणसाची अडवणूक होऊ नये, हा त्यामागील हेतू स्तुत्यच होता. परंतु भाडे जागच्या जागी गोठले; लाकूड, सिमेंट आणि मजुरी मात्र वाढतच गेली. मालकांनी डागडुजी सोडली आणि भाडेकरूंच्या डोक्यावरील तुळया कुजू लागल्या. अशा रीतीने गोठविलेले भाडे काळाच्या ओघात अवाजवी ठरले आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली सांगितले. त्यानंतर मुंबई, विदर्भ आणि मराठवाडा यांचे वेगवेगळे कायदे जाऊन महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा एकच कायदा आला. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आहे.

या कायद्याने मालकास दरसाल शेकडा ४ भाडेवाढ करण्याचा अधिकार दिला. भाडे २५० रुपये असेल, तर वाढ १० रुपयांची. आमच्या सूचनेने मागितली होती २५० रुपयांची! याखेरीज महापालिकेचा कर वाढल्यास त्या वाढीपुरती रक्कम भाड्यात मिळविता येते, तिच्याहून अधिक नाही. इमारतीत काही सुधारणा करावयाची असल्यास शेकडा ७० भाडेकरूंची लेखी संमती घ्यावी लागते. मग त्या सुधारणेपोटी वाजवी वाढ करता येते.

पण गळके छप्पर दुरुस्त करणे ही सुधारणा नव्हे, हे आमच्या ध्यानात फार उशिरा आले. इमारत नीट राखणे हे मालकाचे कर्तव्यच आहे. ते त्याने टाळले, तर भाडेकरूस पंधरा दिवसांची नोटीस देऊन दुरुस्ती स्वतः करविता येते आणि तो खर्च, वर्षाच्या भाड्याच्या चौथाईपर्यंत, भाड्यातून वळता करून घेता येतो. जे काम आम्ही आपण होऊन करावयास हवे होते, त्याचाच मोबदला आम्ही मागत होतो!

आता भाडेकरू बंधूंस दोन शब्द. आजोबांच्या वेळचे भाडे नातवानेही भरावे आणि छप्पर मात्र नवे मागावे, हेही न्यायाचे नव्हे. कायदेशीर वाढ रोखून धरू नये. थकबाकीची लेखी नोटीस मिळाल्यापासून नव्वद दिवस लोटेपर्यंत मालकास जागेसाठी दावा लावता येत नाही. ही सवड कायद्याने दिली आहे ती पैसे भरण्यासाठी, भांडण वाढविण्यासाठी नव्हे. प्रत्येक भाड्याची पावती मागून घ्यावी आणि जपून ठेवावी. ती देण्यास मालक कायद्याने बांधलेला आहे.

पुढे आम्ही काय केले? चाळीच्या चौकात सर्व बिऱ्हाडांची सभा बोलाविली आणि जमाखर्च फळ्यावर लिहून दाखविला. मागील वर्षांची राहून गेलेली वाढ मागावयाची नाही, असे ठरविले. आमच्या आळसाचा दंड भाडेकरूंनी का भरावा? त्या वर्षापासून शेकडा ४ वाढ सुरू केली आणि पावतीवर भाडे व कर यांच्या रकमा वेगळ्या लिहू लागलो. एकाही बिऱ्हाडाने तक्रार केली नाही. त्या वृद्ध भगिनींनी पहिली नवी पावती चष्मा लावून अथपासून इतिपर्यंत वाचली आणि गठ्ठ्यात बांधून ठेवली.

ज्ञातिबांधवहो, भाड्याला वर्षानुवर्षे हात न लावणे हे औदार्य नव्हे, तो हलगर्जीपणा आहे. त्यातूनच पुढे अन्याय उपजतो. थोडी, नियमित आणि हिशेब दाखवून केलेली वाढ कोणासही जड जात नाही. मात्र एवढ्या वाढीतून छपराचा सर्व खर्च निघणार नाही, हे उघड आहे. छपराचा अर्धा भाग झाला आहे, अर्धा बाकी आहे. तो भार मालक या नात्याने आपणा सर्वांचा आहे. तो आपण पुढील पावसाळ्यापूर्वी उचलाल, अशी उमेद आम्ही बाळगतो.