उत्तनचा रस्ता

मीरा-भाईंदर म्हटलं की विरार लोकलची गर्दी आणि उंच इमारतींच्या रांगा डोळ्यांपुढे येतात. आज मी तुम्हाला या शहराच्या दुसऱ्या टोकाला नेणार आहे, समुद्रकाठच्या उत्तनला.

भाईंदर पश्चिमेला स्टेशनबाहेर उत्तनची बस मिळते. बाजार मागे पडला की मुर्धे, राई, मोर्वा ही गावं येतात. वस्ती मुख्यतः आगऱ्यांची. आजूबाजूला खाजण, तिवरं आणि मिठागरं. या मिठागरांवर इथल्या पिढ्या राबल्या. पुढे डोंगरी लागतं, रस्ता चढतो, वळणं घेत उतरतो आणि खारा वारा अंगावर येतो. मग उत्तन, पाली, चौक. बंदरावर उभ्या-आडव्या बांबूंवर बोंबील वाळत असतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी बांबूवर टाकायची. कोळणींची बोटं हे काम इतक्या झपाट्याने करतात की बघणाऱ्याची नजर पुरत नाही. इथले बरेचसे कोळी ख्रिस्ती आहेत. त्यांच्या चर्चमधली प्रार्थना मराठीत चालते. सप्टेंबरात वेलंकनी माउलीच्या सणाला लांबलांबून भाविक येतात, तेव्हा हा अरुंद रस्ता माणसांनी फुलून जातो.

आता लोकसंख्येचं पाहू. 1985 मध्ये पाच ग्रामपंचायती एकत्र करून मीरा-भाईंदर नगरपालिका झाली. उत्तन, डोंगरी, राई-मुर्धे ही गावं 1990 मध्ये तिच्यात आली आणि 2002 मध्ये महानगरपालिका झाली. 1991 च्या जनगणनेत या शहरात 1,75,605 माणसं होती. 2001 मध्ये 5,20,388 आणि 2011 मध्ये 8,09,378. वीस वर्षांत साडेचारपटीहून अधिक! मुंबईपेक्षा स्वस्त घर आणि दाराशी लोकल, म्हणून माणसं आली. पण ती बहुतेक स्टेशनच्या आसपास आणि महामार्गाच्या बाजूला राहिली. उत्तनला रेल्वे नाही, म्हणून ते पुष्कळसं गावच राहिलं.

वाहतुकीची एक गंमत सांगतो. उत्तनच्या दक्षिणेला गोराई आणि मनोरी ही गावं आहेत. ती मुंबई महापालिकेत मोडतात, पण मुंबई आणि त्यांच्यामध्ये खाडी आहे. बोरिवलीहून गोराईला आणि मालाडच्या मार्वेहून मनोरीला होडीने जाता येतं. चारचाकी न्यायची तर मात्र मुंबईची हद्द ओलांडून भाईंदर गाठायचं, उत्तनवरून वळसा घालायचा आणि पुन्हा मुंबईत शिरायचं! तेव्हा भाईंदर-उत्तन रस्ता केवळ उत्तनकरांचा नाही.

या एका रस्त्यावर काय काय चालतं? मासळीचे टेम्पो भाईंदरकडे जातात, कॉलेजची मुलं आणि नोकरदार लोकल गाठायला निघतात. आणि समोरून शहराचा कचरा घेऊन गाड्या येतात, कारण मीरा-भाईंदरचा घनकचरा प्रकल्प उत्तनच्या धावगी डोंगरावर आहे. तिथली दुर्गंधी, वारंवार लागणारी आग, धूर यांविरुद्ध गावकरी वर्षानुवर्षं आवाज उठवत आहेत. मला त्यांचं म्हणणं रास्त वाटतं. वाढ झाली स्टेशनजवळ आणि तिचा कचरा आला मासळी सुकवणाऱ्यांच्या वाट्याला, हे न्यायाचं नाही.

मेट्रोचंही तसंच. मेट्रो 9 ची कारशेड आधी राई-मुर्धे-मोर्वा भागात ठरली होती. गावकऱ्यांनी विरोध केला, मग ती डोंगरीला नेण्याचं ठरलं आणि तिथल्या झाडांचा प्रश्न उभा राहिला. दळणवळण या गावांनाही हवंच आहे. जास्त बस हव्यात, रात्री उशिराची बस हवी, आजाऱ्याला वेळेवर पोचवणारा मोकळा रस्ता हवा. या मागण्या फार मोठ्या नाहीत.

जायचं असेल तर सकाळी लवकर निघा. भाईंदरहून बसने उत्तन, बंदरावर थोडा वेळ, मग तिथून गोराई. परतताना बसने यायची गरज नाही. गोराईच्या धक्क्यावरून होडी मिळते, तिच्यात दुचाकीही चढवतात, आणि खाडी ओलांडली की तुम्ही थेट बोरिवलीला.