नऊंतला मी

सप्टेंबरमध्ये मी चर्चच्या लाइव्हस्ट्रीमची सेवा सोडणार होतो. दोन वर्षांत कुणी साधं 'थँक्यू' म्हटलं नव्हतं ना!

मग ऑक्टोबरचा आगेरा आला. आपल्या मरोळची भातशेती कधीच गेली. १५७९ चं जुनं चर्च सीप्झच्या आत पडकं उभं आहे. तरी ईस्ट इंडियन आज्या नव्या भाताच्या लोंब्या घेऊन वेदीपाशी आल्या. कॅमेऱ्यामागून मी बघतच राहिलो.

येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले, आभार मानायला एकच परतला. मी लोकांचे थँक्यू मोजत बसलो होतो, म्हणजे उरलेल्या नऊंतलाच की! सेवा म्हणजे माझं आभार मानायला परत येणं, हे तेव्हा कळलं.

आज झोपण्याआधी एकाला तरी आभाराचा व्हॉइस मेसेज पाठवा. मी आमच्या साउंडवाल्या अंकलना पाठवलाय.